बेवारशी बांगडे

...आणि वर मुंबईकर आम्हालाच विचारतात, सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीत तुमच्या वाडीने नियम पाळले होते म्हणे? पाळले हो! सगळ्यांनी एकत्र जमून पाळले! कसे ते सांगतो, पण हसू नका, आमच्या भिकाजीला अजून लागतं ते.

भिकाजी म्हणजे आमच्या देवळात वाडीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा. आवाज असा, की त्याने देवळात तोंड उघडलं तर किनाऱ्यावरचे बगळे उडावेत! सरकारी माणूस सांगून गेला होता, गर्दी करू नका, घरात राहा... ऐकतंय कोण? पण भिकाजीची लेक नर्मदा पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आलेले, ताप घरात शिरला तर? त्याने देवाला कौल लावला, देवाने उजवा दिला, म्हणजे हो म्हणाला, आणि मग गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा! जो कोण आपल्या खळ्याभायर पाय टाकीत, त्याका भर वाडयेसमोर उघडो पाड रे म्हाराजा!" आणि अख्खी वाडी, पुढचामागचा विचार न करता: "व्हय म्हाराजा!"

झालं! भजन बंद, चावडी बंद, जो तो आपापल्या खळ्यात, म्हणजे अंगणात हो. आणि भिकाजी अंगणाच्या दगडी गडग्यावरून पहारा करतोय, "रे दत्ताराम, अंगठो भायर इलो तुझो! आत घे!"

आणि तुम्हाला सांगतो, नेमकी तेव्हाच नर्मदा म्हणते, "बाबा, बांगड्याचा तिखला खावसा वाटता..." आता मासे विकणारी कुठून येणार? आणि त्याच सकाळी किनाऱ्यावर महादूची रापण, ते किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, लागली! रापणीचा दोर ओढायला हात लावला की वाटा मिळतो, ही आमच्याकडची रीत. भिकाजी मनाशी म्हणाला, "गेलंय आणि इलंय! देव काय एवढ्यात बघता?" डोक्यातोंडाला पंचा गुंडाळला आणि माडांमधून निघाला, चोरासारखा...

किनाऱ्यावर बघतो तर काय! दोराला माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडाला पंचा! कोणी कोणाकडे बघेना. भिकाजीच्या मानेमागे कोणी तरी खोकलं. तो खोकला त्याने ओळखला, दोन दिवसांपासून तापाने अंथरुणाला खिळलेल्या दत्तारामाचा! पण स्वतः पंच्याआड लपलेला माणूस दुसऱ्याला हटकणार कोणत्या तोंडाने?

जाळं जड झालं, हलेना. महादू ओरडून दमला. आणि सवय, हो, सवय! भिकाजीच्या गळ्यातून आपोआप सुटलं, "बा दर्या म्हाराजा! जाळा भरान हाड रे म्हाराजा!" आणि दोरावरचे झाडून सगळे पंचे: "व्हय म्हाराजा!"

मग प्रत्येकाने आपला पंचा आणखी घट्ट आवळला... आवाज सगळ्यांनी ओळखले होते!

जाळं आलं, बांगड्यांनी भरलेलं. महादूने वाळूवर वाटे मांडले. वाटा नावाने घ्यायचा असतो. "ह्यो कोणाचो? ह्यो कोणाचो रे? आत्ता बोंब मारलात, आता वाचा गेली काय?" नाव कोण सांगणार? एकेक जण वाळूकडे बघत माडांत नाहीसा झाला. कावळ्यांचा सण झाला, आणखी काय!

भिकाजी रिकाम्या हाताने घरी आला. दारात सावित्री, त्याची बायको. "बांगडे खंय?" तो उंबऱ्याकडे वळला, तशी ती म्हणाली, "दर्याक घातलेला गाऱ्हाणा हयसर आयकाक इला. उंबऱ्याच्या आत येव नकात. लेक अवघडलेली आसा. गोठ्यात ऱ्हवा." आतून नर्मदा रडवेली, "बाबा, माझ्यासाठी गेल्लात?" तो गोठ्यात म्हशीशेजारी जाऊन बसला. रात्री स्वतःच्या अंगाला हात लावून बघायचा, ताप नाही ना... आणि गडग्यावरून हाक मारायची हिंमत कायमची गेली.

तिथेच त्याला कळलं, नातू झाला. देवाची दया, लेक आणि बाळ दोघंही सुखरूप. गोठ्याच्या दारातून म्हणाला, "गो, माका लांबसून तरी दाखव!"

सावित्री म्हणाली, "घरातल्या देवाक कौल लावलंय. देव म्हणता, आजून गोठोच."

बिचाऱ्याने म्हशीकडे बघितलं, आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."