इन्नंबूरची ओ

नागलक्ष्मी : बंद कर म्हणते ना, चंद्रमौळी. आत्ता, माझ्यासमोर.

चंद्रमौळी : अत्ते, आधी कापी तर पी. रोज सकाळी माझ्या केबलवर गावाला मराठीत गोष्ट सांगतेस, आणि आज दुकानात येऊन भाच्याशी भांडतेस?

नागलक्ष्मी : गावाला म्हणे! काल देवळात आपल्याच मराठी माणसांना विचारलं, बघता का रे? सगळी हसली. तीही तमिळमध्ये. फुकट तोंडाची वाफ कशाला दवडू? कुणी बघत नसेल तर मला सांगायचंच नाही.

चंद्रमौळी : कुणी बघत नसेल तर मी बंद करायलाही नको. यंत्र आपणच थांबतं.

नागलक्ष्मी : त्याला कसं कळतं?

चंद्रमौळी : पंगतीत वाढतात ना, तसं. वाढपी ओळीच्या तोंडाशी उभा राहून विचारतो, "भात हवा का?" एकानं "आण" म्हटलं की बाकीचे गप्प, भात येतोच आहे. यंत्र असंच अधूनमधून प्रत्येक गावच्या वायरीत विचारतं, "नागलक्ष्मीची गोष्ट हवी का?" ओ आली नाही, की तिकडे गोष्ट जात नाही.

नागलक्ष्मी : आणि कुणी मधेच उठलं तर?

चंद्रमौळी : "निघतो" सांगून उठलं तरी परात लगेच उचलत नाही. आणखी एकदा विचारतं, मागे कुणी राहिलंय का.

नागलक्ष्मी : शहाणं आहे की! तुझ्या बापानं पंगतीत असं कधी कुणाला विचारलं नाही. बघ मग. पापनाशम्?

चंद्रमौळी : ओ नाही.

नागलक्ष्मी : तिरुनागेश्वरम्?

चंद्रमौळी : नाही, अत्ते.

नागलक्ष्मी : म्हटलं नव्हतं? काढ ती वायर.

चंद्रमौळी : थांब की! इन्नंबूर "हो" म्हणतंय. आजची गोष्ट पुन्हा लागली आहे ना, आत्ता बघतायत.

नागलक्ष्मी : किती जण?

चंद्रमौळी : या यंत्राला एकाची ओ पुरे, ते मोजत नाही. पण कोणत्या घरातून आली, ते तिथला डबा मला इथं दाखवतो. हं... एकच घर. सीताकाकूचं.

नागलक्ष्मी : सीतावहिनी? अय्यो, ठार बहिरी झाली रे ती! ऐकणारी एकच, तीही बहिरी. टीव्ही लावून सून स्वयंपाकघरात गेली असेल. कविताला फोन लाव. ...काय गं कविता, टीव्ही तू लावून ठेवलास ना?

कविता (फोनवर) : मी कुठली लावते, अत्ते? सासूबाई रिमोट कुणाच्या हाती देतील तर ना!

नागलक्ष्मी : पण तिला ऐकू कुठं येतं?

कविता : नाहीच येत. तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. बातम्यांतलं तमिळ तोंड कळत नाही म्हणतात, आपलं मराठी कळतं. दुपारी मला सगळी गोष्ट सांगतात. कधी मधलाच तुकडा गळतो, मग चिडतात. आज म्हणाल्या, "नागीला सांग, मान वळवून बोलू नको. राजा वनात गेला, पुढं काय झालं ते मला कळलंच नाही."

चंद्रमौळी : अत्ते? फोन ठेवला तिनं. रडतेस?

नागलक्ष्मी : रडते, मग? माझी वहिनी आहे ती.

चंद्रमौळी : वायर काढू?

नागलक्ष्मी : हात लावून बघ, गाढवा! उद्या कॅमेरा पुढं घे. आणि दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर पडू दे.