कावळ्याने कुणाचा शब्द ऐकला

मी, सुगंधा दशरथ मेस्त्री, वय अंदाजे ४२ वर्षे, धंदा घरकाम, मूळ गाव सावंतवाडीकडे, सध्या राहणार पिंपळवाली चाळ, गुंदवली, अंधेरी पूर्व, आज रविवार तारीख ११ नोव्हेंबर १९५६ रोजी पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते ते असे :

वरील ठिकाणी मी पती दशरथ यांच्यासह राहते. ते अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमाचे देखावे उभारणारे सुतार आहेत. आमचा एकुलता मुलगा लवू त्यांच्याच हाताखाली शिकत होता. तेथील रंगारी काशीराम हा दारू पिऊन कामावर येई. पतींनी मालकांना सांगितले व त्याचे काम सुटले. त्याचा राग त्याने लवूवर काढला. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास स्टुडिओच्या फाटकाबाहेर त्याने लवूला सुऱ्याने भोसकले. लवू जागीच गेला.

लवूला घरी आणले तेव्हा मी सगळ्या चाळीसमोर पतींना म्हणाले, "तुमी गप रवला असतास तर माझो झील आज जितो असतो." त्यानंतर पती माझ्या हातचे जेवेनात. शेजारच्या सुनंदाबाई त्यांना ताट देत.

आमच्यात बायका दहाव्याला जात नाहीत. मी गेले. वेसाव्याच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळे पुष्कळ होते, पण एकही शिवेना. माझे दीर अनंत यांनी, तुझ्या आईबापाकडे मी बघेन, असे सांगून पाहिले. तरी शिवेना. तेव्हा पती पुढे झाले व मोठ्याने म्हणाले, "लवू, ज्याणां तुका मारल्यान, तेका मी जितो सोडूचंय नाय." त्याच वेळी मीही मनातल्या मनात लवूला सांगितले की, तुझ्या वडिलांना मी पुन्हा बोल लावणार नाही, त्यांना सांभाळीन. लगेच कावळा उतरला व पिंडाला शिवला. बापाचा शब्द पोराला पोचला, असे सगळे म्हणाले. पतींचीही तीच समजूत झाली. मी काय सांगितले होते ते आजपर्यंत कुणाला बोलले नाही. त्या दिवशी घरी येऊन मी ताट वाढले व ते जेवले.

पुढे खटल्यात साक्षीदार उलटले व काशीराम सुटला. तो साकीनाक्याला बहिणीकडे राहतो असे कळले. तेव्हापासून पती रोज घरी सुतारकामाच्या पटाशीला धार लावत बसतात. हे सोडून द्या, असे मी म्हटले तर म्हणतात, "कावळो काय उगीच शिवलो? पोराक शब्द दिलंय." मला काशीरामचा पुळका नाही. तो मेला तर मी डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. पण त्याच्यापायी माझा नवरा फासावर जाईल. माझे दुसरे कोणी नाही.

आज सकाळी पती पटाशी पंच्यात गुंडाळून कामावर जातो म्हणून निघाले. रविवारी काम नसते. मी दारात आडवी झाले. मी पटाशी धरली, ओढाताण झाली व माझा डावा तळहात अंगठ्यापर्यंत चिरला. पतींनी पटाशी टाकून दिली, तोच पंचा माझ्या हाताला बांधला व मला धरून दवाखान्याकडे नेऊ लागले. मी म्हटले, आधी चौकीवर चला. ते सध्या बाहेर बाकावर बसलेले आहेत.

घरगुती भांडणात पोलिसांना काही करता येत नाही, मुद्दाम मारले असेल तरच गोष्ट वेगळी, असे जमादारसाहेबांनी मला समजावून सांगितले. धरताना कापले की पतींनी मारले, असे मला दोनदा विचारण्यात आले. त्यांनी मारले, असे मी सांगते. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यावर कधी हात उचललेला नाही, हेही लिहून घ्यावे. त्यांना आत ठेवावे. जेवणाचा डबा मी दोन्ही वेळा आणून देईन.

हा जबाब जमादारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो बाहेर ऐकू जात होता. पतींनी मारले, हा मजकूर आला तेव्हा पती बाकावरच बसून होते. वाचून संपल्यावर ते दारात येऊन उभे राहिले व म्हणाले, "सायबानू, ता कावळ्याचा एकदा परत वाचा." साहेबांनी तेवढा भाग पुन्हा वाचला. पती दारातच खाली बसले. मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. डावा हात बांधलेला असल्याने उजव्या हाताचा अंगठा उठवला आहे.