तिच्या कमरेएवढा ओटा

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. घरांचे दस्त नोंदवतात त्या कचेरीत एक मावशी नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक जोडपं होतं, जुनी घरं घेऊन, नीटनेटकी करून विकणारं.

"अगं, तीन गिऱ्हाइकं स्वयंपाकाचा ओटा बघूनच परत गेली. हा चौथा घेतोय तर घेऊ दे."

"पण एवढा बुटका केलात कशाला?"

"गवंड्याने उंची विचारली. म्हटलं, हिच्या कमरेएवढा."

"अहो, विकायच्या घरात माझी कंबर कशाला मोजायची?"

"मग दुसरी कुणाची मोजू?"

"हळू! त्या मावशी ऐकताहेत."

"ऐकू देत. खिडकीही तुला बाहेरचं दिसेल अशीच बसवलीय."

"बघितलं मी काल, ओटा पुसताना. हा माणूस ओटा ठेवेल ना?"

"पहिल्याच दिवशी फोडणार म्हणाला. का गं, डोळ्यांत काय गेलं?"

"काही नाही. आपण अजून किती वर्षं भाड्याच्या खोलीत काढायची हो?"

"आला बघ तो. ऊठ."

"तुम्हीच जा. घर गेलं म्हणून सांगा."

"कुणाला गेलं विचारलं तर?"

"एका बुटक्या बाईला म्हणावं."

त्या माणसाला दुसरं घर मिळालं. पुढची घरं नवऱ्याने गवंड्याच्या मापाने केली, ती भराभर खपली. ऐकण्याच्या नादात मावशींचा नंबर मात्र हुकला. आता नवरा-बायको दोघंही नाहीत. त्यांची उंच सून त्या ओट्याशी वाकून रोज कुरकुरते, पण फोडू म्हटलं की आधी तीच आडवी येते.