कुसुमबाईंचा गप्प वर्ग

मंडळी, आयाबायांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या पोरांनो,

हातातली कामं टाकून तुम्ही सगळे शाळेच्या पटांगणात आलात. हेडमास्तर म्हणून मला बोलायलाच हवं. आपल्या पहिलीच्या कुसुमबाई परवा काविळीनं गेल्या. त्यांच्याबद्दल रडत बोललो तर त्यांनाच आवडायचं नाही. म्हणून बाईंनी मला कसं हरवलं, तेच आज सांगतो.

हो, हरवलं! मला!

आपल्याकडं चांगली शाळा कुठली? जिचा आवाज एस.टी.च्या थांब्यापर्यंत जातो ती. माझी पोरं पुस्तक उलटं धरूनही धडा घडाघडा म्हणायची, आणि त्यालाच मी वाचन म्हणत होतो. वीस वर्षं म्हणत होतो!

बाई आल्या आणि पहिलीचा वर्ग गप्प झाला. भाऊसाहेब, तुमची सुली तेव्हा पहिलीत होती, तुम्हीच तक्रार घेऊन आलात. "गुरुजी, बाईंच्या वर्गात आवाज न्हाई. पोरं शिकत्यात का झोपत्यात?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेल्या. 'खिडकी लाव.' 'दोन उड्या मार.' 'गंगूच्या कानात तुझं नाव सांग.' रोज शाळा सुटल्यावर बसून उद्याच्या चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येक पोराची वेगळी. ज्याला जोडाक्षर जड जातं, त्याच्या चिठ्ठीत जोडाक्षर नाही. पोरानं मनात वाचायचं आणि करून दाखवायचं.

मी म्हणालो, "बाई, हा खेळ झाला."

"खेळच आहे गुरुजी. पण वाचल्याशिवाय खेळता येत नाही."

मला पटलं नाही. मंडळी, आज पहिल्यांदा सांगतोय, मी त्यांच्या बदलीची मागणी लिहून ठेवली होती. तपासणीला साहेब आले की त्यांच्या हातात द्यायची.

साहेब आले. बाईंनी त्यांनाच खडू दिला. "साहेब, मनाला येईल ते लिहा. पोरांनी कधी न पाहिलेलं."

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'माझी टोपी गुरुजींना घाल.'

वर्ग गप्प. मला वाटलं, फसल्या बाई! तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊसाहेबांची सुली उठली. खुर्चीवर चढली, साहेबांची टोपी काढली, आणि थेट माझ्या टोपीवर ठेवली!

साहेब पोट धरून हसले. मी मात्र हसलो नाही. पहिलीतली पोर, कुणी न पढवता, वाचत होती! मी तो बदलीचा कागद खिशातल्या खिशात फाडला.

भाऊसाहेब, तुमच्या पलटणीतल्या भावाचं पत्र आता कोण वाचून दाखवतं? मान खाली घालू नका, मोठ्यानं सांगा! सुली वाचते. या गावात घरोघरी अशी एक सुली आहे. जिंकल्या, आपल्या बाई जिंकल्या!

आता दोन मिनिटांची श्रद्धांजली. मी तोंडानं काहीच सांगणार नाही. मागच्या या फळ्यावर एक ओळ लिहितो. ज्या मोठ्यांना वाचता येत नाही, त्यांनी आपल्या पोराकडं बघावं, ते करील तसं करावं.

पोरांनो, वाचा.