दंडावरचं बटण

...पडलं! तुम्हाला सांगतो, पुन्हा पडलं! सकाळी लावलं आणि दुपारी शर्टाच्या बाहीत सापडलं, तेही मला नाही, हिला, कपडे भिजत घालताना. हे म्हणजे काय, तर शुगर दाखवणारं यंत्र हो, सेन्सर म्हणतात त्याला, कोटाच्या बटणाएवढं. दंडावर चिकटवायचं, त्याची एक बारीक तार कातडीच्या आत जाते, आणि आकडा सारखा दिसत राहतो. कुठे? माझ्या खिशातल्या फोनमधून थेट हिच्या फोनवर! माझ्या अंगातली साखर, आमच्या हिच्या फोनवर! लग्नानंतर जे काही थोडं खासगी उरलं होतं तेही गेलं. असो. पण हे पडतं कसं? मी सुतार आहे हो! दारं, कपाटं, पलंग... माझ्या हातचा जोड सुटला असं कुणी म्हणून दाखवावं! आयुष्यभर चिकटवायचाच धंदा केला मी, आणि माझ्याच दंडावर एक बटण टिकेना?

बरं, पडलं की घरात काय होतं ठाऊक आहे? हिचा फोन किंचाळतो. ही स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो! तुमचा संपर्क तुटलाय!" अगं, मी समोर बसलोय! हाताच्या अंतरावर! "ते मला दिसतंय, पण फोनला दिसत नाहीये ना!"

हसू नका. तिचंही बरोबर आहे. मला शुगर उतरलेली कळतच नाही. लोकांना घाम येतो, हात थरथरतात, मला काही नाही, सरळ आडवा. मागच्या खेपेला कारखान्यात आडवा झालो, करवतीचं मशीन चालू, आणि मी त्याच्या पायाशी. हिनेच येऊन मशीन बंद केलं. तेव्हापासून ही मला सोडून कुठे गेली नाही. तिची थोरली बहीण, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, घरात एकटी, रोज फोनवर विचारते, "येतेस ना गं?" ही बॅग भरते. यंत्र पडतं. ही बॅग रिकामी करते. भरते, पडतं, रिकामी करते! तक्रार करत नाही हो, नुसती साड्यांच्या घड्या परत कपाटात ठेवते. ते कपाट मी केलेलं. त्याचं दार वाजलं की मला खायला उठतं.

म्हटलं, बस्स. आता आपल्या पद्धतीने. आयुष्यभर चिकटवायचाच धंदा केला मी! आमच्यात कसं असतं, जोड दिला की दाब द्यायचा. सरस लावा, शिकंजा आवळा, आणि विसरून जा. तर मी काय केलं, आधी दंडावरून पॉलिश पेपर फिरवला. हळूच हो, बारीकवाला! गुळगुळीत पृष्ठभागावर काही धरत नाही, हे कुणीही सांगेल. मग हिच्याकडून नवं यंत्र लावून घेतलं, आणि कारखान्यात येऊन त्यावर नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा, त्यावर छोटी फळी, वरून पट्टा. आवळला! असा आवळला की बोटं जांभळी! म्हटलं, आता पड बघू!

समोर एक बाई कपाटाचं माप सांगत होत्या. मी लिहितोय, आणि दारातून ही! धावत! एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी, मुठीत साखर! "तोंड उघडा!" अगं पण... "पण" म्हणायला तोंड उघडलं आणि साखर आत! नाकात, मिशीत, सगळीकडे! त्या बाई म्हणाल्या, "मी नंतर येते हं."

झालं होतं काय, यंत्राला वरून दाब आला की त्याला वाटतं शुगर उतरली. खोटा आकडा दाखवतं. मी आवळत होतो आणि तिकडे हिच्या फोनवर मी मरत होतो! मी मिशी झाडत पट्टा दाखवला. म्हटलं आता शिव्या खातोय. पण ही... लाकडाच्या ओंडक्यावर बसली आणि रडायला लागली. "मला वाटलं, परत तसंच..." एवढंच म्हणाली. त्या पट्ट्याची मला इतकी लाज वाटली...

मग गेलो दवाखान्यात, नर्सताईंकडे. माझा दंड बघून म्हणाल्या, "काका, हा हात आहे, फळी नाही." आता एवढं तोडून बोलायची काही गरज होती का? मग हिला म्हणाल्या, "काकू, तुम्ही कसं लावता ते दाखवा." हिने साबणाने धुतलं, पुसलं, औषधाचा बोळा फिरवला, आणि... फूऽऽ.

"फुंकर का घातलीत?"

"चरचरतं ना त्यांना."

"अहो काकू, तोंडाची वाफ लागते, जागा दमट होते, मग कसं चिकटेल? आपोआप वाळू द्यायचं. चरचरतं का हो काका?"

मी छताकडे बघितलं. म्हटलं, थोडंसं... म्हणजे तसं काही फार नाही...

ते बंद झालं. आता ही फुंकर घालत नाही, हाताची घडी घालून उभी राहते, वाळलं की लावते, वर तळहात ठेवते, मग कडेने पट्टी. आणि सांगतो तुम्हाला, बसलं! आंघोळ केली, चौकटीला दंड घासला, घामाने भिजलो, हलेना! आयुष्यभर चिकटवायचाच धंदा केला मी, पण असा जोड नाही बघितला!

ही बॅग भरून गेली बहिणीकडे. मीच बसमध्ये बसवून आलो. शेजारच्या शिंप्याकडे किल्ली दिली, त्याचा नंबर हिच्याकडे, सगळं चोख. घरी आलो. घर कसं... कुणी विचारेना, कुणी ओरडेना. फोन गप्प. आकडा चांगला असला की ही कशाला फोन करेल?

म्हणून मी एक बिस्कीट खाल्लं. क्रीमचं. आणि बसलो वाट बघत. वाजला!

"काय खाल्लंत?"

काही नाही गं. गुडघा कसा आहे ताईंचा? पोचलीस नीट? जेवलीस? बरं वाटलं हो. दुसऱ्या दिवशी परत खाल्लं. परत वाजला. तिसऱ्या दिवशी हिने विचारलंच नाही काय खाल्लं ते. म्हणाली, "अहो, माझ्याशी बोलायला बिस्कीट कशाला लागतं? नुसता फोन करा की!"

नुसता फोन करा म्हणे! आता तुम्हीच सांगा, इतक्या वर्षांच्या बायकोला नुसता फोन करून माणसाने म्हणायचं तरी काय?