गॅरेज नंबर चौदामधलं इंजिन कोण फिरवत होतं

पोलीस ठाणे पिपलानी, भोपाळ. दिनांक १० मार्च २००४, बुधवार, दुपारी ३.१०.

नाव श्रीमती शशिकला नीळकंठ भाटवडेकर, वय ५९, धंदा शिक्षिका (विज्ञान), कारखान्याच्या टाउनशिपची शाळा. राहणार अधिकारी क्वार्टर, पिपलानी. मूळ सातारा. ठाण्याचे मुंशी दिगंबर फाळके हे ग्वाल्हेरचे मराठी असल्याने जबाब मराठीत देते, हिंदी प्रत ते मागाहून जोडतील.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, गोपीनाथ धोटे, फिटर, यांना काल संध्याकाळी माझ्या गॅरेजात पाना हातात असताना कारखान्याच्या सुरक्षारक्षकांनी पकडलं आणि इथे आणलं. घरफोडीचा गुन्हा लिहायचा की नाही हे माझ्या जबाबावर आहे असं मला सांगण्यात आलं. धोटे ३१ मार्चला निवृत्त होतात. केस झाली तर ते चोर म्हणून फाटकाबाहेर पडतील. हे समजून मी बोलते आहे.

गॅरेजात माझे पती नीळकंठ यांची १९८९ची काँटेसा गाडी आहे. लांब नाकाची, दणकट. फिरली एकूण ५,८४० किलोमीटर. पती कारखान्यात टर्बाइन विभागात वरिष्ठ अधिकारी होते. जानेवारी १९९३मध्ये ते हृदयविकाराने गेले. तेव्हापासून गॅरेजला कुलूप आहे. गॅरेजांची रांग क्वार्टरपासून दहा मिनिटांवर आहे. अकरा वर्षं मी तिकडे गेले नाही. का गेले नाही ते पुढे येईल.

मीही या महिन्यात निवृत्त होते. गॅरेज ३१ तारखेपर्यंत रिकामं करायचं आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली नाही तर भंगारात काढतील, असं पत्र आलं. म्हणून रविवारी, ७ तारखेला, टी. टी. नगरचे मेकॅनिक अरविंद यांना घेऊन मी कुलूप उघडलं. कुलूप शाबूत होतं. अरविंद वाटेत म्हणाले होते, "बाई, अकरा साल खडी है, इंजिन जाम असणार. आशा ठेवू नका." मी ठेवली नव्हतीच.

दार उघडल्यावर मात्र आम्ही दोघंही पाहतच राहिलो. गाडी विटांवर उचलून ठेवलेली, चाकांवर भार नाही. सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेल्या चिंधीचा बोळा, वर प्लास्टिक बांधलेलं. सीटवर डांबराच्या गोळ्या. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. अरविंदनी स्पार्क प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि जपून जोर दिला. इंजिन लोण्यासारखं फिरलं. ते म्हणाले, "हे कोणीतरी फिरवतंय, बाई. कायम."

चोरीला काय गेलं असं मुंशीजींनी मला तीनदा विचारलं. काहीच गेलं नाही. उलट भर पडली होती. असा चोर मी ऐकला नव्हता, आणि कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी स्टिअरिंगच्या आजूबाजूला पाहिलं, तर सुतळीत ओवलेली बारा कार्डं सापडली. कारखान्यात उभ्या ठेवलेल्या मशीनवर असतात तशी. प्रत्येक ओळीत तारीख, "पाव चक्कर", आणि न वाचता येणारी सही. पहिली तारीख फेब्रुवारी १९९३ची, शेवटची गेल्या आठवड्याची. मी घरी नेऊन जुन्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. सगळे मंगळवार.

मधूनमधून मात्र "नहीं घुमाया" असं लिहिलं होतं. नहीं घुमाया, बुखार. नहीं घुमाया, बेटी की शादी. दोन आठवडे नहीं घुमाया, पाना नहीं मिला. मला हसू आलं. कुठला चोर रजेचा अर्ज लिहून ठेवतो? सोमवारी शाळेतून येताना मी सुरक्षा कचेरीत हे गमतीने सांगितलं. ती माझी चूक. त्यांना गंमत कळली नाही. मंगळवारी सहा वाजता ते दबा धरून बसले आणि गोपीनाथ सापडले.

गोपीनाथना मी ओळखते. ते मुलताईकडचे. गाडी नवी असताना तिची सगळी देखभाल तेच करत आणि त्यासाठी माझ्या पतींनी गॅरेजची दुसरी किल्ली त्यांना स्वतः दिली होती. ती आम्ही कधी परत मागितली नाही. तेव्हा कुलूप फोडलं, चोरून शिरले, हे दोन्ही खोटं आहे.

आज सकाळी इथल्या बाकावर मी त्यांना विचारलं, "गोपीनाथ, कशासाठी केलंत हे?"

ते म्हणाले, "मॅडम, उभी मशीन फिरवावी लागते. नाही त बसते."

"ते मला कळतं. तुम्ही का?"

ते म्हणाले, "कारखान्यात मला कोणी मशीनला हात लावू देत नव्हतं. तुमची गाडी उभी होती. माझी सही खोटी नाही, हे कधीतरी कोणाला दिसलं पाहिजे होतं ना."

ते कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत आहे. मुंशीजी म्हणाले, ही गोष्ट या प्रकरणातली नाही. मी म्हटलं, हीच आहे, लिहा.

जून १९९२मध्ये पाठवणीसाठी तयार असलेला एक रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरणारा अवजड दांडा, शेडमध्ये ठेवला होता. तो दर आठवड्याला थोडा फिरवायचा असतो, नाहीतर स्वतःच्याच वजनाने वाकतो. सात आठवडे क्रेन दुसऱ्या कामाला लावली होती, म्हणून फिरवला गेला नाही. गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार होता. आदल्या रविवारी माझ्या पतींनी गोपीनाथना घरी बोलावलं. मी चहा घेऊन आले तेव्हा पती म्हणाले, "सात सह्या करून टाक. पुढचं मी बघतो." गोपीनाथ म्हणाले, "साहेब, फिरवला नाही ना पण." पती म्हणाले, "फिरवला असता तर तुला घरी कशाला बोलावलं असतं?" गोपीनाथनी चहा घेतला नाही, सह्या केल्या.

रोटर वाकलेला निघाला. खोट्या सह्यांचं आरोपपत्र गोपीनाथवर आलं आणि त्यावर सही माझ्या पतींची होती. गोपीनाथची बदली भंगार यार्डात झाली. चौकशीत त्यांनी साहेबांचं नाव घेतलं नाही. मी घरी काही विचारलं नाही, बाहेर काही बोलले नाही. वर्गात मुलांना खरं बोला म्हणून सांगत राहिले. मला लाज वाटत होती आणि आजही वाटते. गॅरेजकडे न जाण्याचं कारण हेच.

रोटरच्या त्या खोट्या कार्डावर एकही आठवडा चुकलेला नव्हता. गाडीच्या कार्डांवर एकेचाळीस चुकलेले आहेत, मी मोजले.

अरविंदनी तीन दिवसांत टाकीतलं कुजकं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलची नळी आणि बॅटरी बदलली. ब्रेकचं काम अजून बाकी आहे. आज सकाळी अकरा वाजता पाचव्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. आधी निळा धूर, मग स्वच्छ आवाज. गोपीनाथच्या सह्या खऱ्या असल्याचा याहून वेगळा पुरावा माझ्याकडे नाही.

माझी गोपीनाथ धोटे यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. या जबाबाची एक प्रत कारखान्याच्या कार्मिक विभागाला त्यांच्या निवृत्तीआधी पाठवावी, अशी माझी मागणी आहे. माझे पती हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्या वतीने उत्तर द्यायला मी आहे.

मुंशीजींनी जबाब मला वाचून दाखवला. वाचताना पतींचं चहाच्या वेळचं बोलणं त्यात नव्हतं. "गेलेल्या माणसाचं कशाला, बाई," असं ते म्हणाले. मी ते जिथल्या तिथे पुन्हा लिहायला लावलं आणि सगळं परत वाचून घेतलं. आता तो मी सांगितला तसा आहे. सही मी गोपीनाथ धोटे यांच्यासमोर करीन असं सांगितलं, म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं आहे. ते आले. ते म्हणतात, "राहू द्या मॅडम, साहेबांचं नाव आहे." मी सही करते आहे.

(सही) शशिकला नीळकंठ भाटवडेकर