पाणदऱ्याचा गार विस्तव

ऐका. विड्या विझवा आधी, गोष्ट विस्तवाची आहे. आणि हसू नका. मी सांगतोय ते माझ्या घरातलं आहे.

पाणदरा तुम्ही पाहिलाय. पावसाळ्यात शहरातले लोक गाड्या भरभरून येतात, कड्यावर उभे राहून फोटो काढतात, "स्वर्ग आहे हो, स्वर्ग!" म्हणतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. आमची राहीआत्या त्यांना म्हणायची, "स्वर्गच आहे रे बाबांनो. म्हणून तर जिवंत माणूस टिकत नाही."

तेवीस उंबऱ्यांचं गाव. शाळेत चार पोरं उरली, शाळा बंद झाली. मग पोरांची घरं खाली उतरली. पोरांमागं आज्या उतरल्या. मुलगी द्यायची म्हटली की लोक विचारायचे, दवाखाना किती लांब? खिंड उतरून अडीच तास. झालं! सोयरीक तिथंच मोडायची. शेवटी दोन चुली राहिल्या. एक राहीआत्याची, एक माझा चुलतभाऊ धाकलू याची.

धाकलूची बायको चंद्रा. पहिलं बाळंतपण. तिला डोलीतून खाली आणायला चार माणसं खालून बोलवावी लागली. वर खांदा द्यायलाच कुणी नव्हतं! मुलगी झाली. पाच महिने चंद्रा माहेरी राहिली. धाकलू आणायला गेला तर म्हणाली, "येते. पण शेजारी एक तरी चूल पेटती पाहिजे. मी हाक मारली तर कुणीतरी ओ दिली पाहिजे."

"राहीआत्या आहे की," धाकलू म्हणाला.

खोटं! राहीआत्या वीस दिवसांपूर्वीच लेकीकडं गेली होती. दाराला कुलूप घालून.

एसटी उशिरा आली. खिंडीच्या पायथ्याला, माझ्या दारासमोर तिघं उतरली तेव्हा दिवस बुडाला होता. मी म्हणालो, "दादा, आज इथंच मुक्काम कर. तान्हं पोर आहे."

त्यानं मला बाजूला घेतलं. "रात्रभरात कुणीतरी हिला आत्याचं सांगेल. मग ही वर पाऊल टाकायची नाही."

मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसलो. हे माझं पाप.

काय? बॅटरी? होती रे, बॅटरी होती. पुढं ऐक.

चंद्रानं माहेरून नवी खापरी आणली होती. आमच्यात गार पडलेली चूल काडीनं पेटवत नाहीत. शेजारणीच्या चुलीतला विस्तव खापरीत आणायचा, त्यावर आपली चूल पेटवायची. तसं केलं म्हणजे तुम्ही गावात आलात. नाहीतर नुसते घरात आलात. चंद्रा वाटेनं म्हणत होती, "आधी आत्यांकडून विस्तव घेते, मग उंबरा ओलांडते." आणि धाकलू मागं मागं राहत होता. आता सांगावं, की वर गेल्यावर सांगावं?

खिंड चढून वर आले. आणि काय बघतात! एक दिवा. मग दुसरा. मग दहा. बावीस घरांत दिवे! एक धाकलूचं घर तेवढं अंधारात.

दुसरा कुणी असता तर तिथून मागं फिरला असता. पण धाकलू पाणदऱ्याचा! चार वर्षं रोज संध्याकाळी बंद दारं बघणारा माणूस तो. तो ओरडला, "चंद्रे, आले गं! सगळे आले!" आणि पळत सुटला.

धूर येत होता. भाकरीचा वास येत होता. जात्याची घरघर ऐकू येत होती. एका ओसरीवरून कुणीतरी म्हणालं, "धाकलू, बस की. घाई कसली?" धाकलू बसला.

इकडं सगुणाच्या दारात सगुणा उभी. चार वर्षांपूर्वी कल्याणला गेलेली सगुणा! "ये गं चंद्रे. किती वाट बघायला लावलीस."

चंद्राचे डोळे भरून आले. "विस्तव दे गं मला."

सगुणानं चुलीत हात घातला. हात! चिमटा नाही, पळी नाही. रसरशीत निखारा उचलून खापरीत टाकला. "दोन्ही हातांनी धर. पोर दे माझ्याकडं."

चंद्रानं पोर पुढं केलं. केलं, हो! तेवढ्यात खापरी पोराच्या पायाला लागली आणि पोर किंचाळलं. भाजलं की काय? काठाला धरलेल्या खापरीच्या बुडाला तिनं बोट लावलं.

गार! निखारा लाल, आणि खापरी बर्फासारखी गार!

"राहा ना गं," सगुणा म्हणाली. "कुणीच राहत नाही."

चंद्रानं पोर छातीशी ओढलं, खापरी भिरकावली. सगळे दिवे एकदम गेले. समोर दाराला कुलूप, कुलपावर शेवाळ.

"अहो!" ओ नाही. "अहो!" ओ नाही. तिसऱ्या हाकेला लांबून आवाज आला, "बसू दे की थोडं. कोंडिबा आलाय, नथू आलाय..."

ती आवाजाच्या रोखानं गेली. धाकलू कड्याच्या टोकाला बसला होता. पाय खाली दरीत सोडलेले. हसत होता. आणि शेजारी कुणाला तरी जागा व्हावी म्हणून पुढं सरकत होता. थोडा. आणखी थोडा.

एका हातावर पोर, दुसऱ्या हातानं तिनं त्याची कॉलर धरली आणि मागं ओढलं. सदरा टरकन फाटला. तिघंही गवतात पडली. धाकलू तिच्यावरच चिडला. "कशाला ओढलंस? किती दिवसांनी बसलो होतो!"

रात्रीच माझ्या दारात येऊन थडकली तिघं. धाकलूला आठ दिवस ताप. पुन्हा तो वर गेला नाही. कुलूप लावायलासुद्धा मीच गेलो, भर दुपारी.

पुढं कधीतरी माझ्या बायकोनं चंद्राला विचारलं, "अजून भीती वाटते का गं?"

चंद्रा म्हणाली, "वाटते. पण खरं सांगू? त्या गावात मला 'ये' म्हणणारी तेवढी एकच होती."

म्हणून सांगतो. दिवस बुडाल्यावर खिंडीची वाट धरू नका. कधीच धरू नका. आणि कुणाला गावात राहायला नेणार असाल, तर त्याच्या दारातच त्याला खरं काय ते सांगा. ऐकून तो नाही आला, तर नाही आला. जिवंत तरी राहील.